पत्रा राखून स्टिकर उतरवताना

पूर्व द्रुतगती महामार्ग, मुंबई–नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकमेकांना भिडतात, ठाण्यातल्या त्या माजिवडा नाक्यावरून जाणाऱ्या टेम्पो, शाळेच्या बस, रुग्णवाहिका आणि सहलीच्या गाड्या यांच्यापैकी क्वचितच एखादी कोऱ्या पत्र्याची दिसते. कुणावर संस्थेचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असतो, कुणावर नागमोडी रंगीत पट्टे असतात, तर आगरी-कोळी वस्तीच्या या पट्ट्यात 'आई एकवीरा प्रसन्न' ही अक्षरे पुढच्या काचेवर आणि पाठीमागच्या दारावर हमखास भेटतात. ही सारी अक्षरे आणि नक्षी आज बहुधा व्हिनाइल नावाच्या प्लास्टिकच्या पातळ, स्वतःच चिकटणाऱ्या पापुद्र्यातून कापलेली असतात. बोलीभाषेत त्यांना सरसकट 'रेडियम' म्हणण्याची आणि ती लावून देणाऱ्या दुकानाला 'रेडियम आर्ट' असे नाव देण्याची पद्धत महाराष्ट्रभर आहे. लावण्याचे काम अर्ध्या तासात होते. दहा-पंधरा वर्षांनी गाडी दुसऱ्याच्या हाती जाते, तिचा उपयोग बदलतो किंवा कुणी तिला पुन्हा मूळ रूपात आणू पाहतो, तेव्हा तीच अक्षरे पत्र्यावरून उतरवणे मात्र दिवसच्या दिवस खाणारे काम ठरते, आणि ते घाईने केल्यास गाडीचा रंग कायमचा जातो.

हा प्रश्न अलीकडे अधिक जाणवू लागण्याला एक कारण आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटन धोरण आणले. कॅराव्हान म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली, मुक्कामाला सोबत नेता येणारी गाडी. अमेरिकेत अशा गाड्यांची परंपरा जुनी असून तिथल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांना बाहेरून अॅल्युमिनियमच्या पातळ पन्हळी पत्र्याचे आवरण असे. आपल्याकडे त्या जातीची जुनी गाडी जवळजवळ नाहीच. तिच्या जागी पुण्याजवळच्या बजाज टेम्पो, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्स, या कारखान्यातून निघालेली मेटाडोर आणि १९८७ पासून रस्त्यावर आलेली टेम्पो ट्रॅव्हलर या गाड्या येतात, आणि हौशी मंडळी फिरते घर करण्यासाठी अशाच जुन्या गाड्यांचा विचार करतात. या गाड्यांचे पहिले आयुष्य शाळा, दवाखाने, प्रवासी कंपन्या यांच्या सेवेत गेलेले असल्यामुळे त्यांच्या अंगावर अक्षरांचे एकावर एक थर चढलेले असतात.

थर हाच या साऱ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. वरवर एकसंध दिसणारा स्टिकर प्रत्यक्षात निदान दोन भागांचा बनलेला असतो: वरचा रंगीत पापुद्रा आणि त्याच्या पाठीवरचा गोंद. पापुद्रा पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा, म्हणजे पाण्याच्या पाइपांसाठी वापरतात त्याच पीव्हीसीचा असतो. मात्र शुद्ध पीव्हीसी कडक आणि ठिसूळ असल्याने त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळून तो मऊ केला जातो आणि या द्रव्यांना मृदुकारके म्हणतात. पीव्हीसी असा मऊ करण्याची युक्ती अमेरिकन रसायनज्ञ वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये शोधली, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, १९३५ मध्ये, स्टॅन्टन एव्हरी यांनी मागचा कागद सोलून चिकटवता येणारी लेबले बाजारात आणली. आजचा स्टिकर या दोन कल्पनांचे अपत्य आहे. गोंद बहुधा अॅक्रिलिक जातीचा आणि दाबाने चिकटणारा असतो, म्हणजे त्याला पाणी किंवा उष्णता लागत नाही, नुसत्या हाताच्या दाबाने तो पत्र्याच्या सूक्ष्म खाचांमध्ये पसरतो आणि पुढची कित्येक वर्षे हळूहळू पसरतच राहतो. नवा स्टिकर चटकन निघतो आणि जुना निघत नाही, याचे पहिले कारण हे आहे.

पापुद्राही दोन प्रकारचा असतो आणि समोरच्या गाडीवर कोणता आहे हे ओळखता आल्यास पुढचे काम सोपे जाते. स्वस्त पापुद्रा गरम रुळांमधून लाटून काढलेला असतो. लाटताना ताणला गेल्यामुळे त्याच्यात आक्रसण्याची ओढ कायम राहते, त्यामुळे काही वर्षांनी अक्षराच्या कडा आत सरकतात आणि त्यांच्याभोवती उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसून काळी किनार तयार होते. महाग पापुद्रा द्रवरूपात ओतून वाळवलेला असतो. तो अधिक पातळ असूनही आक्रसत नाही आणि पत्र्याच्या वळणावर, रिव्हेटच्या डोक्यांवर नीट बसतो. काळी किनार दिसली की पापुद्रा लाटलेला आहे आणि तो तुकड्यातुकड्यांनी निघणार आहे, असे धरून चालावे.

उन्हाचे काम याहून खोल असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पीव्हीसीच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात, तर उष्णतेने मृदुकारके काही हवेत आणि काही खालच्या गोंदात उतरतात. परिणामी पापुद्रा कोरडा होऊन त्याला भेगा पडतात आणि गोंद एकीकडे मऊ लापशीसारखा, तर दुसरीकडे कडक पापडीसारखा होतो. वर्षानुवर्षे एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहिलेल्या गाडीच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंना ऊन अधिक लागलेले असते, त्यामुळे एकाच दिवशी लावलेली दोन सारखी अक्षरे एका बाजूने अखंड सोलून निघतात आणि दुसऱ्या बाजूने नखाएवढ्या कपच्यांनी. कामाची सुरुवात नेहमी सावलीतल्या बाजूने करावी, कारण तिथे हात बसतो आणि त्या गाडीचा रंग किती ताण सोसतो याचा अंदाज येतो.

स्टिकरच्या खाली काय आहे, याकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केल्यानंतर महाराष्ट्रातही गाड्यांच्या काचा मोकळ्या करण्याची लाट आली, आणि तेव्हा ब्लेडने फिल्म खरवडण्याची सवय अनेकांच्या हाताला लागली. काचेवर ती चालते, कारण काच पोलादी पात्याने सहसा ओरखडत नाही आणि तिच्यावर रंगाचा थर नसतो. पत्र्यावर परिस्थिती नेमकी उलट आहे: तिथे गोंद रंगाला धरून असतो, रंग प्रायमरला, म्हणजे धातू आणि रंग यांना जोडणाऱ्या पहिल्या लेपाला, आणि प्रायमर धातूला. जुन्या गाडीत या साखळीतला सर्वांत कमकुवत दुवा गोंद आणि रंग यांच्यामधला असेलच असे नाही. जिथे पूर्वी पुट्टी भरून वरवर रंग मारलेला असतो, तिथे स्टिकर ओढताच पुट्टीसकट रंगाची खपली हाती येते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पुट्टी भरलेल्या जागी आवाज बद्द येतो, आणि पत्रा पोलादी असेल तर लोहचुंबकही तिथे नीट धरत नाही.

चुंबकाची चाचणी दुसऱ्या कारणासाठीही करावी, कारण पत्रा पोलादाचा आहे की अॅल्युमिनियमचा हे त्यावरून लगेच कळते. मेटाडोर आणि ट्रॅव्हलरचा पत्रा पोलादी आहे. एसटीच्या बसगाड्यांची बाह्यांगे दीर्घकाळ अॅल्युमिनियमची होती आणि मोडीत निघालेल्या बसमधून किंवा खास बांधून घेतलेल्या बॉडीतून तो पत्रा आजही समोर येतो. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा चार-पाच पट वेगाने उष्णता वाहून नेतो आणि तापल्यावर जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, अॅल्युमिनियमवर एका जागी दिलेली ऊब लगेच आजूबाजूला पसरून जाते, म्हणून अधीर माणूस उष्णता वाढवत नेतो, आणि मग दोन रिव्हेटच्या ओळींमध्ये अडकलेला पातळ पत्रा फुगून त्याला कायमचा पोचा येतो. शिवाय अॅल्युमिनियम मऊ असल्याने त्यावर पोलादी पात्याचा प्रत्येक ओरखडा उमटतो, आणि भांडी घासायच्या तारेच्या घोसाचे सूक्ष्म कण त्यात रुतून बसले, तर पावसाळ्यात त्या कणांभोवती धातू गंजू लागतो. कॉस्टिक सोडा किंवा त्यासारखे तीव्र अल्कधर्मी द्रावण तर अॅल्युमिनियमला थेट खाऊन टाकते, म्हणून ते जवळही आणू नये.

उष्णता हे या कामातले मुख्य हत्यार आहे. पापुद्रा साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत ऊबदार झाला की तो पुन्हा लवचिक होतो आणि गोंदाची पकड सैल पडते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या पत्र्याचे तापमान आपोआपच या घरात जाते, म्हणून ठाण्यासारख्या गावात उन्हाळ्यातले काम पुष्कळदा वेगळ्या यंत्राशिवाय उरकते. एरवी केस वाळवायचा ड्रायर पुरतो. हीट गन, म्हणजे रंगकामाच्या दुकानात मिळणारे तप्त हवेचे पिस्तूल, वापरायचेच असेल तर ते सर्वांत कमी मात्रेवर ठेवून सतत हलते ठेवावे लागते, कारण त्यातली हवा ५०० अंशांच्याही वर जाऊ शकते आणि पीव्हीसी मात्र १५० अंशांच्या आसपासच विघटित होऊ लागून डोळ्यांना व घशाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतो. मोजमापाचे उपकरण नसेल तर हाताचा पालथा भाग हे चांगले माप आहे: पत्र्यावर हात दोन-तीन क्षण टिकतो, पण त्याहून जास्त ठेववत नाही, इतकी ऊब पुरेशी असते.

एक अक्षर उतरवताना काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पत्रा आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा केला जातो, कारण राहिलेली वाळूची कणी पुढे पॉलिश पेपरचे काम करते. मग अक्षराचा एक कोपरा, शक्यतो भेग नसलेला, ऊब देऊन प्लास्टिकच्या पट्टीने किंवा धार मारलेल्या बांबूच्या कांबीने उचलला जातो. बोटाची दोन पेरे बसतील इतका पापुद्रा सुटला की तो पत्र्यापासून वर न ओढता, पाठीवर उलटा दुमडून, पत्र्याला जवळजवळ टेकवून मागे खेचायचा असतो. वर ओढल्याने सारा ताण रंगावर उभा येतो आणि रंग उचलला जातो; दुमडून खेचल्याने ताण सुटण्याच्या रेषेवर एकवटतो आणि बाकीचा रंग निर्धास्त राहतो. वेगही महत्त्वाचा आहे, कारण हा गोंद अर्धा द्रव आणि अर्धा रबर अशा स्वभावाचा असतो. झटका दिला की तो रबरासारखा ताठ राहतो आणि पापुद्रा फाटतो, सावकाश खेचले की तो द्रवासारखा वाहून सुटत जातो. सेकंदाला काही मिलिमीटर हा वेग पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो, पण कसलेला कारागीर याच वेगाने अक्षर अखंड काढतो. पापुद्रा सुटताना मागे गोंदाचे धागे ताणले जाऊ लागले तर ऊब जास्त झाली आहे असे समजावे, आणि तो काचेसारखा कटकट तुटू लागला तर ऊब कमी पडते आहे.

रात्री दिव्याचा उजेड परत फेकणाऱ्या पट्ट्या या साऱ्याला अपवाद ठरतात. त्यांच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा छोटे लोलक प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये बसवलेले असल्याने जुनी पट्टी थराथराने फुटते. आधी वरचे पारदर्शक कवच, मग चंदेरी भुकटी, शेवटी गोंद. तिथे चिकाटीशिवाय दुसरा उपाय नाही. व्यापारी वाहनांवर अशा पट्ट्या, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल, केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहेत. त्या काढल्यास रंगकामानंतर मान्यताप्राप्त नव्या पट्ट्या लावणे आवश्यक असते.

पापुद्रा निघाल्यावर उरलेल्या गोंदासाठी द्रावक लागते, म्हणजे गोंद विरघळवणारा किंवा फुगवून सैल करणारा द्रव. गॅरेजमध्ये हाताशी असतो तो थिनर, आणि जुन्या गाड्यांच्या रंगाचे सर्वाधिक नुकसान त्यानेच केले आहे. एनसी थिनर हे टोल्युइन आणि तत्सम तीव्र द्रवांचे मिश्रण असून ते नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करण्यासाठीच बनवलेले असते. साहजिकच गोंदाबरोबर ते जुन्या रंगालाही विरघळवते, आणि फडक्यावर स्टिकरचा नव्हे तर गाडीचा रंग दिसू लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोल त्याहून धोक्याचे आहे, कारण त्याची वाफ बंद जागेत साचून एका ठिणगीने पेटते. सौम्य द्रावकांपासून सुरुवात करून आवश्यकतेनुसार पुढे जाणे हाच योग्य क्रम होय: प्रथम खोबरेल तेल किंवा निलगिरीचे तेल लावून वीस-पंचवीस मिनिटे मुरू द्यावे, त्याने न भागल्यास टर्पेंटाइन, आणि ऑफिसातल्या स्वच्छतेसाठी वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल शेवटचा तेलकटपणा काढण्यासाठी. प्रत्येक द्रव आधी दाराच्या आतल्या कडेवर किंवा पायरीखाली, जिथे नजर जात नाही अशा ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावून पाहावा. ही पाच मिनिटांची चाचणी टाळल्यामुळे वाया गेलेली बाजू पुन्हा पूर्ववत होत नाही.

मोठ्या क्षेत्रफळावर गोंद पसरलेला असेल तर ड्रिल यंत्राला लावायचे रबराचे चाक उपयोगी पडते. ते फिरताना स्वतः झिजते आणि गोंदाच्या गोळ्या करून बाहेर फेकते. कारखान्यात भाजून पक्क्या केलेल्या रंगावर ते चांगले चालते, पण हाताने मारलेल्या हवेत वाळणाऱ्या रंगावर घर्षणाच्या उष्णतेने रंग मऊ होऊन चाकाला चिकटतो, म्हणून तिथे ते टाळलेले बरे. पॉलिश पेपरने गोंद घासून काढण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती पूर्णपणे चुकीची आहे, कारण तिने गोंद गरम होऊन पसरतो आणि रंग मात्र झिजतो. तरीही ज्यांना पुढे संपूर्ण गाडी रंगवायचीच आहे त्यांनी घासकाम कोरडे न करता वॉटर पेपर आणि पाणी वापरून करावे, कारण जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल औद्योगिक रंगांत शिशाची संयुगे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांतील शिशावर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भागांची मर्यादा आली, पण मेटाडोरवरचे रंग त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

सारे निघाल्यावरही अक्षर दिसतच राहते, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. स्टिकरखालच्या रंगाला ऊन लागलेले नसते, त्यामुळे तो गडद आणि चकचकीत राहतो, तर भोवतालचा रंग फिका पडून त्यावर पांढरट भुकटी आलेली असते. जुन्या शाळेचे नाव असे सावलीसारखे पत्र्यावर वाचता येते. हा डाग नाही, उलट तोच गाडीचा खरा रंग आहे. म्हणून अक्षर घासण्यापेक्षा भोवतालची फिकी कातडी रबिंग कंपाउंडने, म्हणजे अतिसूक्ष्म घर्षक कणांच्या मलमाने, हलक्या हाताने उतरवून दोहोंना एका पातळीवर आणणे हा उपाय आहे, आणि मूळ रंगाचा थर पातळ असल्याने तो एक-दोनदाच करता येतो. थोडी सावली राहिली तर राहू द्यावी. तिच्यासाठी सगळा रंग झिजवण्याइतकी ती वाईट दिसत नाही.

ऋतूचा विचार आपल्याकडे विशेष करावा लागतो. ठाणे खाडीकाठचे गाव असल्याने हवेत मीठ आणि दमटपणा दोन्ही असतात; स्टिकरखालून उघडा पडलेला पोलादी पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो. पावसाळी हवेत नायट्रोसेल्युलोज रंग फवारला तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होऊन हवेतले बाष्प त्यावर जमते आणि रंगावर दुधाळ झाक येते. दिवाळीनंतर हाती घेतलेले काम मेअखेरीस संपवणे, आणि उघडा पडलेला प्रत्येक ठिपका त्याच दिवशी प्रायमरने झाकणे, या दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. निघालेला पापुद्रा आणि कपच्या जाळू नयेत, कारण जळत्या पीव्हीसीतून आम्लवायू आणि डायॉक्सिन जातीची विषारी द्रव्ये बाहेर पडतात. त्या सुक्या कचऱ्यात वेगळ्या बांधून द्याव्यात.

एक शेवटची बाब राहते, आणि जुन्या गाडीच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी आहे. संगणकावर अक्षरे कापण्याची यंत्रे येण्यापूर्वी गाड्यांवरची नावे पेंटर मंडळी ब्रशने लिहीत, सावली देऊन, वेलबुट्टी काढून. आज दिसणाऱ्या व्हिनाइलखाली अशी हातची अक्षरे कित्येकदा शाबूत असतात, आणि थिनरचे एक फडके ती पुसून टाकायला पुरते. कारखान्यातून गाडीबरोबर आलेली चिन्हे आणि पट्टे यांनाही हेच लागू आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय केली, तिची अटच गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी आहे. नोंदणी पुस्तिकेतला रंगही गाडीच्या रंगाशी जुळावा लागतो. तेव्हा ज्यांच्या अंगणात एखादी जुनी मेटाडोर उभी आहे, त्यांनी पहिला स्टिकर उचलण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, रंगकाम करणाऱ्याला थिनरचा डबा बाजूला ठेवायला सांगावे, आणि खालून हाताने लिहिलेले एखादे अक्षर डोकावले तर काम तिथेच थांबवून ते जपायचे की नाही हे आधी ठरवावे.